दार कुणी उघडलं?

गेल्या अंकात संपादकांनी माझ्या वतीने आवाहन केलं होतं, की माहितीपटांतली खरी माणसं आणि एरवी आपल्या नजरेस न पडणारी जगं याबद्दल जे विचारायचंय ते विचारा. पत्रं बरीच आली. निम्म्यांत एकच शंका आहे, ‘हे खरं असतं का हो?’ तिचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी देते. मी दिग्दर्शक नाही, संकलक आहे. तीस वर्षं दुसऱ्यांनी आणलेलं फुटेज बघत अंधाऱ्या खोलीत बसले आहे, शूटिंगला क्वचित जाते. तेव्हा ही खुर्चीतल्या बाईची उत्तरं आहेत, तशीच घ्या.

प्रश्न : माहितीपटातली माणसं कॅमेरा समोर असताना इतकी मोकळी कशी वागतात? आमच्याकडे कुणी नुसता फोन पुढे धरला तरी सगळे पोट आत घेतात. (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : पोट आत घेतातच. पहिले चार-आठ दिवस सगळे घेतात आणि ते चार-आठ दिवस माझ्या टेबलावर जवळजवळ सगळे बाद होतात. माणसं कॅमेरा विसरतात असं म्हणायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. माणसं कॅमेऱ्याला कंटाळतात. ‘आले का हे परत? येऊ देत, मला माझी कामं आहेत’ असं ज्या दिवशी होतं, त्या दिवसापासून खरं फुटेज सुरू होतं. त्यामुळे या कामात भांडवल म्हणजे वेळ. ‘हनीलँड’ (2019) ही उत्तर मॅसिडोनियातल्या मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईची फिल्म घ्या. वीज नसलेल्या, ओस पडलेल्या गावात ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. चित्रण तीन वर्षं चाललं, फुटेज चारशे तासांच्या आसपास जमलं. त्या दोघी जुन्या वळणाची तुर्की बोलायच्या, ती दिग्दर्शक जोडीला कळत नव्हती. म्हणून आधी आवाज बंद ठेवून नुसत्या चित्रावर संकलन केलं, भाषांतर मागाहून आलं. मला हे वाचून त्या संकलकाचा हेवा वाटला होता. शब्द कळत नसले की माणूस काय करतोय तेच बघावं लागतं.

अमेरिकन माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांची पद्धत आणखी साधी. तीन माणसांची टोळी, त्यात माइक खुद्द वाइजमन यांच्या हातात. दिवे नाहीत, मुलाखती नाहीत. जो माणूस काहीच विचारत नाही, त्याच्यासमोर किती वेळ नाटक करणार?

पण याची एक बाजू फारसं कुणी सांगत नाही. कॅमेरा दिसतो, माइक दिसत नाही. कपड्यांच्या आत चिकटवलेला लेपल माइक मात्र माणूस खरोखरच विसरतो, आणि मग तो घेऊनच न्हाणीघरात जातो. एका फिल्मच्या फुटेजमध्ये एक बाई नवऱ्याच्या जाण्याबद्दल अगदी हसतखेळत बोलत होत्या. आता काही वाटत नाही म्हणाल्या. मध्येच ‘आले हं’ म्हणून आत गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची, माझ्या कानात नळ सोडल्याचा आवाज, आणि त्या आवाजाआड दाबून दाबून रडणं. साडेतीन मिनिटं. मग नळ बंद झाला, नाक शिंकरलं, बाहेर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘हं, काय विचारत होतात?’ दिग्दर्शकाला ते हवंच होतं. रिकाम्या खुर्चीवर तो आवाज, यापुढे सगळी मुलाखत फिकी, हे मलाही कळत होतं. दोन दिवस आमचं भांडण चाललं. शेवटी खुर्ची ठेवली, नळ ठेवला, रडणं काढलं. त्यांना विचारून ठेवायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण विचारायचं म्हणजे आम्ही ते ऐकलंय हे आधी त्यांना सांगायचं.

प्रश्न : जगातला पहिला गाजलेला माहितीपट ‘नॅनूक’, आणि त्यातच बरंचसं बनावट होतं असं वाचनात आलं. मग आम्ही कशाच्या भरवशावर बघायचं?

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे. ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ 1922 साली आला. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या ज्या इन्युइट शिकाऱ्याला नॅनूक म्हटलं त्याचं नाव अलाकारिआलाक. पडद्यावरची त्याची बायको ही त्याची बायको नव्हती. त्याच्या लोकांच्या हाती तोवर बंदुका आल्या होत्या, पण फ्लॅहर्टींना आधीच्या पिढीचं जगणं दाखवायचं होतं, म्हणून फिल्ममध्ये शिकार भाल्याने होते. इग्लूची गंमत तर सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या इग्लूत कॅमेरा मावेना आणि उजेड पुरेना. मोठा बांधायला घेतला तर घुमट खाली यायचा. शेवटी एक बाजू उघडीच ठेवली आणि त्या अर्ध्या घरात, वारा अंगावर घेत, ते कुटुंब आपल्याला उबेत झोपून दाखवतं.

मी इग्लू माफ करते. ती माणसं इग्लूत राहायची, इग्लू तसाच बांधायची, फक्त कॅमेऱ्यासाठी भिंत काढली. ‘नाइट मेल’ (1936) ही टपालगाडीची ब्रिटिश फिल्म आहे. त्यात धावत्या डब्यात पत्रं वेगळी करणारे कर्मचारी दिसतात. कर्मचारी खरे, पत्रांच्या खणांवर फिरणारे हात खरे, डबा मात्र स्टुडिओत बांधलेला, आणि गाडी हलतेय असं वाटावं म्हणून त्यांना अंग डोलवायला सांगितलेलं. तेही माफ. भाल्याबद्दल मी अजून साशंक आहे. एका माणसाला त्याच्याच आजोबांचं सोंग घ्यायला लावून जगाला ‘हा आजचा’ म्हणून दाखवणं, हे भिंत काढण्याइतकं सरळ नाही.

माफी नाही ती लेमिंगला. लेमिंग म्हणजे उंदराच्या जातीचा एक लहान प्राणी. हे प्राणी कळपाने कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव देतात, हे तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. ही समजूत जगभर पक्की केली 1958 सालच्या डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ने. त्याला ऑस्करही मिळालं. पुढे 1982 मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने छडा लावला, तेव्हा कळलं की ते चित्रण अल्बर्टात झालं होतं, जिथे समुद्रच नाही. प्राणी दुसरीकडून आणलेले आणि कड्यावरून ढकललेले. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. आजही शिकलेसवरलेले लोक ती उपमा वापरतात तेव्हा मला त्या अज्ञात संकलकाची आठवण येते. शॉट जोडताना त्याला कळलं असणारच. माणूस कड्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते फुटेजमध्ये दिसतं.

पण तुमचा प्रश्न भरवशाचा आहे, म्हणून माझ्या धंद्यातली खरी गोम सांगते. आमच्याकडे खोटं बहुतेक वेळा घालून होत नाही, काढून होतं. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (2012) मी तीनदा पाहिलीय, तिन्ही वेळा डोळे भरून आले. डेट्रॉइटचा एक गायक, 1970 च्या सुमारास रेकॉर्ड काढतो, कुणी विचारत नाही, बांधकामावर मजुरी करत राहतो. तिकडे दक्षिण आफ्रिकेत तो दंतकथा झालाय आणि त्याचा त्याला पत्ताच नाही. हे सगळं खरं. पण मधल्या काळात, 1979 आणि 1981 मध्ये, ऑस्ट्रेलियात त्याचे कार्यक्रमांचे दौरे झाले होते, लोकांनी गर्दी केली होती. फिल्ममध्ये याचा उच्चार नाही. एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहतं ते तसं नव्हतं. ही फिल्म माझ्या टेबलावर आली असती तर ऑस्ट्रेलिया मी ठेवला असता का? ठेवला असता, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

एक खूण सांगून ठेवते. मुलाखतीत माणूस बोलताबोलता मध्येच त्याचे हात दिसले, किंवा खिडकी, किंवा भिंतीवरचं घड्याळ, की समजा तिथे मी वाक्य जोडलंय. बहुतेक वेळा मधलं खोकणं, अडखळणं काढलेलं असतं. कधीकधी मंगळवारचं अर्धं वाक्य शुक्रवारच्या अर्ध्याला लावलेलं असतं. हात फार दिसायला लागले तर सावध व्हा.

प्रश्न : निवेदन नसलेले, कुणी काही समजावून न सांगणारे माहितीपट मला कंटाळवाणे वाटतात. दोष माझा का?

उत्तर : काही खरंच कंटाळवाणे असतात, स्वतःला बोल लावू नका. थोडा दोष ‘माहितीपट’ या शब्दाचा. माहिती मिळणार म्हणून बसलं की वीस मिनिटं कुणी नुसता जिना धूत असेल तर राग येणारच. निवेदक हा हात धरून नेणारा वाटाड्या असतो. तो नसला की आधी चुकल्यासारखं होतं, मग आपण आपले पाय टाकायला लागतो. तासाभरातही तसं झालं नाही तर बंद करा. मीही करते.

प्रश्न : लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण करणं ही फसवणूक नाही का?

उत्तर : आहे. प्रश्न एवढाच की फसवलं कुणाला. क्लोद लान्झमन यांची ‘शोआ’ (1985) ही ज्यूंच्या संहारावरची साडेनऊ तासांची फिल्म आहे. तीत ट्रेब्लिंकाच्या छळछावणीतला एक माजी नाझी पहारेकरी बोलतो. माझं नाव येऊ देऊ नका, असं तो सांगतो. लान्झमन बरं म्हणतात. आणि आपण हे ऐकतोय ते छुप्या कॅमेऱ्यातून, बाहेर उभ्या केलेल्या गाडीत ते चित्र पोचतंय, आणि त्याचं नाव पडद्यावर लिहिलेलं आहे. लान्झमन यांनी ही थाप लपवली नाही. गाडी दाखवली, थापही ऐकवली. असंच दुसऱ्या एकाचं चित्रण करताना ते पकडले गेले आणि त्यांनी मारही खाल्ला. ‘द कोव्ह’च्या (2009) लोकांनी जपानमधल्या ताइजीच्या खाडीतली डॉल्फिनची कत्तल टिपायला बनावट दगडांच्या पोटात कॅमेरे बसवले होते. तिथेही माझी हरकत नाही. ज्याच्या हातात दार बंद ठेवायची सत्ता आहे, त्याच्या खिडकीतून डोकावायला मी लाजत नाही.

अडचण येते ती एकाच दाराआड दोघे असतात तेव्हा. वाइजमन यांची पहिली फिल्म ‘टिटिकट फॉलीज’ (1967). मॅसॅच्युसेट्समधलं मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीचं सरकारी इस्पितळ. नागडे ठेवलेले रुग्ण, त्यांना डिवचत राहणारे पहारेकरी. राज्य सरकार कोर्टात गेलं, रुग्णांच्या खासगीपणाचा भंग झाला म्हणून. वाइजमन यांचं म्हणणं, तुम्हाला रुग्णांची लाज राखायची नाही, स्वतःची राखायचीय. सर्वसामान्य प्रेक्षकांना ती फिल्म दाखवायची पूर्ण मोकळीक 1991 मध्ये मिळाली. सरकारचा हेतू मला कधी शुद्ध वाटला नाही. पण त्या नागड्या माणसाने होकार दिला होता का, हा प्रश्न हेतू अशुद्ध असला तरी उरतोच.

प्रश्न : ओळख लपवण्यासाठी चेहरा धूसर करतात. तेवढ्याने माणूस खरंच सुरक्षित राहतो?

उत्तर : या प्रश्नाला मी एका सायकलीने उत्तर देते.

बऱ्याच वर्षांपूर्वी शवागारात काम करणाऱ्या एका गृहस्थांवर आम्ही लहानशी फिल्म केली. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, फक्त डोळे दिसायचे. नातेवाईक मृतदेह ओळखायला यायच्या आधी हे त्या माणसाचे केस विंचरायचे. त्याचा भांग कुठल्या बाजूचा असेल हे कपाळावरच्या केसांच्या वळणावरून ठरवायचे. एकदा उजवीकडे पाडलेला भांग त्यांनी मोडला, जरा लांबून बघितलं, डावीकडे पाडला. मग कंगवा धुऊन खिशात. चाळीस सेकंदांचा शॉट आहे, मी एक फ्रेमसुद्धा कापली नाही.

संमतीपत्रावर त्यांची सही होती. तरी रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी, त्यांना दाखवावा असा माझा हट्ट असतो, तसा दाखवला. सगळं शांतपणे बघितलं. कुठे आक्षेप नाही, भांगाच्या शॉटला जरा हसले. मग म्हणाले, ‘सुरुवातीला माझी सायकल दिसते, ती काढता येईल का?’ घरी आणि शेजारीपाजारी ते इस्पितळात कारकून आहेत असं सांगितलेलं होतं. मुलांच्या लग्नकार्याचे प्रश्न होते. चेहरा दिसत नाही हे आम्हाला पुरेसं वाटत होतं. पण त्या सायकलीच्या मागच्या चाकाला निळ्या वायरीने बांधलेला एक डबा होता, आणि तो डबा सगळी आळी ओळखत होती.

ती सायकल म्हणजे दिग्दर्शकाचा सगळ्यात लाडका शॉट. पहाटेचं धुकं, लांबून येणारी घंटा. कापला. फिल्म आता थेट दरवाज्याच्या कडीपासून सुरू होते आणि सुरुवात अडखळते, हे मला आजही दिसतं.

माणूस चालीवरून, खोकल्यावरून, ‘म्हणजे काय की’ असं प्रत्येक वाक्याआधी म्हणायच्या सवयीवरून ओळखू येतो. चेहरा झाकणं हे त्यातलं सोपं काम. त्यातही धूसर पट्ट्याने माणूस गुन्हेगार दिसायला लागतो, म्हणून अलीकडे वेगळे मार्ग निघालेत. ‘वेलकम टू चेचन्या’ (2020) मध्ये रशियातल्या चेचन्यातून जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी तरुणांच्या चेहऱ्यांवर संगणकाने दुसऱ्या, स्वतःहून पुढे आलेल्या माणसांचे चेहरे चढवले. डोळ्यांतली भीती त्या तरुणाचीच, नाक-जिवणी उसनी. कडा किंचित थरथरत राहतात. एका जागी, त्यांच्यातला एकजण पत्रकारांसमोर उभा राहून उघड बोलायचं ठरवतो, आणि तो उसना चेहरा आपल्या डोळ्यांदेखत विरघळून खाली त्याचा स्वतःचा येतो. ‘फ्ली’ (2021) मध्ये अफगाणिस्तानातून पळालेल्या एका माणसाची गोष्ट चित्रांतून सांगितली आहे, आवाज खरा आणि नाव बदललेलं. लपायची गरज कधी फिल्म करणाऱ्यांनाही पडते. इंडोनेशियातल्या 1965-66 च्या हत्याकांडावरच्या ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’च्या शेवटी नामावली वर सरकू लागते आणि ओळीमागून ओळ ‘अनामिक’, ‘अनामिक’ येत राहतं. त्यात एक सहदिग्दर्शकही आहे.

प्रश्न : फिल्म करणाऱ्यांना पुरस्कार मिळतात. ज्यांचं दुःख दाखवलं त्यांना काय मिळतं? स्पष्ट बोला.

उत्तर : बहुतेक वेळा काही नाही. स्पष्ट बोलायचं तर हा प्रश्न तुमच्याआधी आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’मध्ये (1985) झोपडी पाडली गेलेल्या एका बाईने कॅमेऱ्याकडे बघून विचारलाय. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय, असा तिचा रोख. पटवर्धन यांनी तो भाग कापला नाही. न कापणं हे काही त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, पण निदान प्रश्न दाबला तरी नाही.

पैशाबद्दल आमच्या धंद्यात जुना सोवळेपणा आहे, की पैसे दिले तर माणूस आपल्याला हवं ते बोलेल. यात तथ्य आहे. पण हा नियम पाळायला फार सोपा जातो, याचाही मला संशय येतो. ‘हूप ड्रीम्स’ (1994) करणारे शिकागोच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन पोरांमागे पाच वर्षं होते. करायला निघाले होते अर्ध्या तासाची फिल्म, जमलं अडीचशे तासांचं फुटेज. एका कुटुंबाची वीज तोडली गेली, तेव्हा यांनी अंधाराचं चित्रण केलं आणि वीजही जोडून दिली. पुढे उत्पन्नातला वाटाही कुटुंबांना दिला. ‘हनीलँड’वाल्यांनी त्या बाईला जवळच्या गावात घर घेऊन दिलं. उलट फ्रान्समध्ये, एकवर्गी शाळेवरची ‘एत्र ए अव्वार’ (2002) तुफान चालली, आणि जिच्यावर सगळ्यांनी जीव टाकला त्या फिल्ममधले शिक्षक आपला वाटा मागत कोर्टात गेले. हरले. कायद्याने ते बरोबर असेल. मला वाईट वाटलं ते असं की आधी ते लोकांना देवमाणूस वाटत होते, पैसे मागताच लोभी वाटायला लागले. चांगल्या माणसाने फुकट चांगलं असावं, असा आपला प्रेक्षकांचाही हिशेब असतो.

एरॉल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’मुळे (1988) खुनाच्या खोट्या आरोपात बारा वर्षं तुरुंगात असलेला माणूस पुढच्या वर्षी सुटला. सुटल्यावर, स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टीचे हक्क परत मिळावेत म्हणून, त्याचा मॉरिस यांच्याशीच वाद झाला. लोक ही हकिगत कृतघ्नपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात कृतघ्नपणा दिसत नाही. बारा वर्षं दुसऱ्यांनी त्याची गोष्ट सांगितली होती, आता ती त्याला स्वतःच्या नावावर हवी होती.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. माझी मावशी कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. मला तिच्यावर फोनवर फिल्म करायचीय. कुठून सुरू करू?

उत्तर : विषय इतका छान आहे की मलाच खुर्चीतून उठावंसं वाटलं. वर मी हातांच्या शॉटबद्दल जे लिहिलंय ते तू विसर. तुझ्या फिल्ममध्ये हात म्हणजे बोलणं. हात फ्रेमबाहेर गेले तर तू तिचं वाक्य तोडलंस. कमरेपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत चौकट धर आणि तिथेच थांब. चेहऱ्याचा मोह होईल, जवळ जाऊ नकोस. त्या भाषेत भुवया आणि ओठही बोलतात, पण हातांबरोबर. दोन्ही एकत्र दिसायला हवेत.

आवाज नाही असं समजू नकोस. फोनला साधा बाहेरचा माइक लाव आणि तिच्या जवळ ठेव. बाहीची सळसळ, तळव्यावर तळवा आपटतो तो आवाज, श्वास. संकलन करताना वाक्यांच्या मधल्या फटीत हेच कामाला येतं. शॉट संपला असं वाटलं की मनात दहा आकडे मोज आणि मग बंद कर. माझं निम्मं आयुष्य त्या न घेतलेल्या दहा सेकंदांना शिव्या घालण्यात गेलंय.

आता अवघड भाग. मावशी डॉक्टरांकडे किंवा कोर्टात दुभाषी म्हणून उभी असते, तेव्हा ती दुसऱ्याचं गुपित बोलत असते. ती खोली तुझी नाही. तिने ‘चल’ म्हटलं तरी नाही, कारण त्या खोलीचं दार उघडायचा हक्क तिचाही नाही. तू तिला त्या आधी आणि नंतर गाठ. आरशासमोर ती अवघड शब्द घोटते का? दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं ‘मी, मी’ म्हणत बोलल्यावर घरी आल्यावर तिचे हात काय करतात? मुलाखत शक्यतो शेवटी घे, आणि ती तिला खुणांतच देऊ दे. तुला खुणा येत नसतील तर आधी शीक. सहा महिने गेले तरी चालतील.

कॅमेरा लहान आहे म्हणून कमीपणा मानू नकोस. आन्येस वार्दा यांनी सत्तरी ओलांडल्यावर छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन, शेतातलं सांडलंसवरलं वेचणाऱ्या लोकांवर ‘द ग्लीनर्स अँड आय’ (2000) केली. एका हाताने त्या स्वतःच्याच दुसऱ्या, सुरकुतलेल्या हाताचं चित्रण करतात. एकदा कॅमेरा बंद करायला विसरल्या आणि लेन्सचं झाकण लोंबकळत नाचत राहिलं, तेही त्यांनी फिल्ममध्ये ठेवलं, वर संगीत घालून. तुझ्याकडून असं काही झालं तर पुसून टाकू नकोस.

प्रश्न : एकच दृश्य दाखवायचं झालं तर कुठलं दाखवाल?

उत्तर : ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (2014). वर उल्लेख केलेल्या हत्याकांडात ज्याचा भाऊ मारला गेला असा चष्मे बनवणारा एक माणूस, म्हाताऱ्या झालेल्या मारेकऱ्यांचे डोळे तपासतो. त्यांच्या नाकावर ती तपासणीची लाल चौकट असते, तो एकेक भिंग सरकवत विचारतो, आता कसं दिसतंय? आणि त्याच सुरात विचारतो, त्या वेळी तुम्ही काय केलंत? भिंग बदलताना त्याचा हात हलत नाही. पुढे काय होतं ते मी सांगत नाही.

प्रश्न : तुमच्यावर कुणी माहितीपट करायचं म्हटलं तर?

उत्तर : म्हटलं होतं. संकलकांच्या कामावर एक मालिका होत होती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आदल्या रात्री टेबल आवरलं, जे मी तीस वर्षांत आवरलेलं नाही. दिग्दर्शक मुलगी म्हणाली, तुम्ही तुमचं रोजचं काम करा. मी करायला लागले आणि दहा मिनिटांत तिला सांगितलं, ‘हा शॉट पलीकडून घे, कापायला सोपा जाईल.’ ती हसली आणि आहे तिथूनच घेतला.

ध्वनिमुद्रक मुलाने माइक लावला तेव्हा मी पहिलं विचारून घेतलं, हा बंद कुठून होतो? त्याने कमरेच्या डबीवरचं बटण दाखवलं. दिवसभरात दोनदा न्हाणीघरात गेले, दोन्ही वेळा आठवणीने ते बटण दाबलं. दुसऱ्या वेळी आत जरा जास्तच वेळ गेला, बहिणीचा फोन आला होता, आमचं घरच्या एका गोष्टीवरून वाजलं. संध्याकाळी माइक काढताना तो मुलगा म्हणाला, ‘ताई, पहिल्यांदा बंद केलात, बाहेर आल्यावर चालू करायचं राहिलं. मी आपलं बूमच्या, त्या काठीवरच्या माइकवर भागवलं.’

म्हणजे दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा ते चालू झालं होतं. मी विचारलं, ‘मग काय काय ऐकलंस?’

त्याने डबी उघडली, आतली बॅटरी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, ‘बॅटरी गेली होती तोवर.’